पडलेल्या झाडांचा रकाना

चंद्रपूर, २ एप्रिल २०२५

प्रिय रंजीता,

पावणेतीन वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. ‘कामात होते’ असं लिहून खोडलं आहे. कामात होते हे खरं, पण कारण ते नव्हतं.

तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. मी मागितला तेव्हा सुकरीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “आता काऊन पाह्यजे पत्ता? पोरगी गाव सोडून गेली तवा तं नाई इचारलं कोनं.” मग बऱ्याच वेळानं त्यांनीच सांगितला. आरमोरीला झेरॉक्सच्या दुकानात आहेस, हेही सांगितलं.

येरुमटोल्याला मी परवा गेले होते, सव्वा वर्षानं. उन्हानं आधीच कहर केला आहे. पूर्वेच्या हद्दीला, आपण मोजणीची पहिली चौकट आखली होती तिथे, सागांवर लाल पट्टे ओढलेले दिसले. छातीच्या उंचीवर, आपण फीत लावून घेर मोजायचो त्याच उंचीवर. क्षणभर मला ते आपलेच वाटले. मग आठवलं, आपला रंग पिवळा होता.

लोखंडाच्या खाणीसाठी एक कंपनी आली आहे, तोडायच्या झाडांवरचे हे पट्टे तिचे. ६ मेला जनसुनावणी आहे. चैतूभाऊ अजूनही गावसभेचे अध्यक्ष आहेत. थकलेत, पण जीभ तशीच आहे. म्हणाले, “पट्टा मारनारे पोरं लय भले हायेत बाई. पेनाच्या ठान्यातल्या, देवाच्या सागाले बी पट्टा मारला. म्या म्हनलं, देवाले तरी इचारा. तं म्हनते, देवाचा नंबर नाई यादीत.” सगळे हसले. मीही हसले.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. “वीस-एकवीस सालची वही भेटली तं लय काम होईन. आमी जंगल कसं राखलं, थे समदं त्यात हाये. रंजीताच्या हातून गमावली, पन तिले आठवत असन का कुठी ठेवली थे?”

म्हणून लिहिते आहे. ती वही शेवटची कुठे होती, तुला आठवतं का?

गावात अजूनही लोक म्हणतात की ती तुझ्या निष्काळजीपणानं गेली. त्या दिवशीही दोघा-तिघांनी तसं म्हटलं. मी काही बोलले नाही.

तुझी,
संघप्रिया


चंद्रपूर, ११ एप्रिल

प्रिय रंजीता,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

सुनावणीची कागदपत्रं काल मिळाली. सहाशे पानं. दुसऱ्या खंडात ‘जंगलाची सद्यस्थिती’ या प्रकरणात एक उतारा आहे: ‘स्थानिक लोकांच्या वाढत्या वृक्षतोडीमुळे हे जंगल पंधरा वर्षांत ऱ्हास पावेल, असे स्वतंत्र अभ्यासात सिद्ध झाले आहे.’ खाली त्या अभ्यासाचं नाव आणि पान एक्केचाळीस. तो अभ्यास आपला आहे. पान माझं आहे.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी मला क्रमानं लिहू दे. क्रमानं लिहिलं की लपवणं अवघड जातं.

माझे बाबा बत्तीस वर्षं माजरीच्या खाणीत होते. जमिनीतला कोळसा ते वर काढत राहिले आणि त्यावर मी बी.एस्सी. झाले. वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं, तो कोळसा म्हणजे जुनं जंगलच, आणि तो जाळून आपण हवेत जे सोडतो ते परत धरून ठेवायचं काम आजची उभी झाडं आणि त्यांच्याखालची माती करते. यंत्रं महाग आहेत, ती श्रीमंत देशांकडे आहेत. आपल्यासारख्या देशाच्या हातात आज असलेलं साधन म्हणजे न तोडलेलं जंगल, आणि ते न तोडणारी माणसं. माझा यावर विश्वास होता. अजून आहे. पुढचं वाचशील तेव्हा हे विसरू नकोस, एवढंच.

आमच्या संस्थेनं पाच गावांचा कार्बन प्रकल्प, म्हणजे जंगल राखल्याबद्दल धूर सोडणाऱ्या परदेशी कंपन्यांकडून गावाला पैसे, हाती घेतला तेव्हा तुमच्या गावसभेत मी हेच सांगितलं होतं. चैतूभाऊ म्हणाले होते, “म्हनजे तिकडं परदेशात धूर सोडतीन आन् आमचे साग गिळतीन? मंग लवकर पाठवा म्हना, झाडाले भूक लागली.” मग मी दुसरा भाग सांगितला. जे जंगल धोक्यात नाही, ते वाचवल्याचं श्रेय कुणाला मिळत नाही. प्रकल्प नसता तर जंगल गेलं असतं, हे दाखवावं लागतं. त्यावर ते काय म्हणाले आठवतं? “म्हनजे आमी चोर असतो तं बरं झालं असतं.”

तुमचं गाव चोर नव्हतं. तीच अडचण होती.

तुमच्याकडची रीत मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. झाड हवं असेल तर आधी सभेत विचारायचं आणि तोडून झाल्यावर पुढच्या सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं आकडा सांगायचा. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. तू वहीत लिहून घ्यायचीस. एक म्हातारा कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी फांदी घेतली म्हणून उभा राहिला होता. बायकांनी त्याची किती थट्टा केली! पण त्याचं नाव तू लिहिलंस.

त्या वहीत २०२० साली अडतीस झाडं होती. २०२१ साली तीनशे अकरा. एका वर्षात आठपट.

मी त्या दोन आकड्यांमधून रेघ ओढली. आठपट धरणं अतिशयोक्ती वाटली म्हणून वाढीचा दर बराच खाली आणला. सावधपणे केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. रेघ पंधरा वर्षं पुढे नेली की जंगल संपतं.

आमचे संचालक सुनिल सर यांना सकाळी फोन केला. ते म्हणाले, “अहवाल आपला, त्याचा वापर त्यांचा. तुम्ही यात पडू नका, मॅडम. उरलेल्या चार गावांचा विचार करा. एक आकडा हलला तर पाचही गावांचा प्रकल्प जाईल.”

ते चूक बोलत नव्हते. त्यामुळेच जास्त भीती वाटली.

संघप्रिया


येरुमटोला, १९ एप्रिल

रंजीता,

हे तुझ्या घरच्या ओसरीत बसून लिहिते आहे. सुकरीबाईंनी पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही. मी बसले.

आज सकाळी बायका मोह वेचायला गेल्या. मीही गेले. पूर्वेच्या हद्दीवर दोन तंबू आहेत, एक मोठं लोखंडी यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं आहे, आणि चार माणसं आहेत. गणवेश आहे, पण त्यावर नाव नाही. त्यांनी बायकांना थांबवून ओळखपत्रं मागितली. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. ‘बाई, कार्ड दाखवा’ एवढंच.

सुकरीबाईंनी टोपली खाली ठेवली. “हे मोहाचं झाड माया सासूनं राखलं. मायाच झाडाखाली मले पुसतेस, तू कोन?”

तो म्हणाला, “नोंद करावी लागते, मावशी. कोण किती नेतं याची.”

“मंग कर नोंद. आमच्यात बी करते. पन आधी तू उभा राहून सांग, तू काय नेऊन राह्यला थे.”

बाकीच्या बायका हसल्या. तो माणूसही हसला. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि एकेकीचा फोटो घेतला. मग हसणं थांबलं. आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन परत आलो. वाटेत कुणी गाणं म्हटलं नाही. झाडाखाली फुलं पडलेली तशीच होती. उन्हात अकरा वाजेपर्यंत ती काळी पडतात, हे तुला माहीत आहे.

पंधरा वर्षांनी हे जंगल नसेल असं मी लिहिलं होतं. आता वाटतं, ते लिहून ठेवलं म्हणून ते खरं व्हायला निघालं आहे.

पहिल्या पत्रात मी तुला विचारलं, वही कुठे होती आठवतं का. वही माझ्या कपाटात आहे. चंद्रपूरच्या घरी, साड्यांच्या खाली. मार्च २०२२ मध्ये झेरॉक्स काढायला म्हणून मी ती तुझ्याकडून नेली. पोचपावती तू मागितली नाहीस. जुलैच्या सभेत तुला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याची बाटली उघडत होते. तू म्हणालीस, “सापडत नाई.” पुढच्या आठवड्यात तू आरमोरीला निघून गेलीस.

परत का केली नाही, तेही लिहिते. वहीत तू प्रत्येक सालासाठी दोन रकाने आखले होतेस. एक तोडलेल्याचा, एक पडलेल्याचा. मे २०२१ मध्ये वादळ झालं, तेवीस घरांची छपरं उडाली, आणि त्याच वादळानं जंगलात झाडं पाडली. लोकांनी ती पडलेलीच झाडं उचलून घरं उभी केली. उभं झाड तोडलं नसतानाही सभेत उभं राहून सांगितलं, कारण रीत तशी होती. तीनशे अकरापैकी दोनशे चौऱ्याहत्तर पडलेल्याच्या रकान्यात आहेत. तोडलेली फक्त सदतीस. आदल्या वर्षीपेक्षा एक कमी.

तू तेव्हा मला विचारलं होतंस, “ताई, दोन्ही रकाने एकात काऊन जोडले?” मी म्हटलं, तपशील पुढे टाकू. मग प्रकल्प तपासायला बाहेरचे तपासनीस येणार होते, आणि वही त्यांच्या हाती लागली असती.

गावाच्या भल्यासाठी केलं असं मी स्वतःला बराच काळ सांगितलं. प्रकल्प झाला तर जंगलाला कागदाचं बळ मिळेल, असं. त्यात थोडं तथ्य होतं. पण अहवालावर माझं नाव पहिलं होतं, आणि नागपूरच्या परिषदेत मी तो वाचला तेव्हा लोक उभे राहिले होते. तेही कारण होतं. किती भाग कुठल्या कारणाचा, हे मला आजही मोजता येत नाही.

हे पत्र वाचल्यावर माझ्याशी बोलू नकोस, हवं तर. सुकरीबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्या आत भाकरी थापत आहेत.

संघप्रिया


चंद्रपूर, २७ एप्रिल

प्रिय रंजीता,

तुझा फोन येऊन तीन दिवस झाले. तू इतकं थोडं बोललीस की मला तुझं वाक्य न वाक्य आठवतं, तरी लिहून ठेवते. पुढे मी ते माझ्या सोयीनं आठवेन अशी मला भीती आहे.

“ताई, वही तुमच्यापाशी हाये हे मले पह्यल्या दिवसापासून माईत होतं. माया हातानं तं देल्ली.”

मी विचारलं, मग सभेत का सांगितलं नाहीस?

“आमच्यात दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाई. ज्यानं तोडलं, त्यानंच उभं राह्यचं. मी वाट पाह्यत होती. पावसाळा गेला, मंग म्हनलं, नाई उभ्या राह्यत ह्या.”

मी म्हटलं, वही रजिस्टर पोस्टानं तुला पाठवते, तू गावाला दे, तुझ्यावरचा आळ जाईल.

त्यावर तू पहिल्यांदा चिडलीस. “पोस्टानं? मी काऊन देऊ? तुमी या. गावसभेत उभं राहा. कागदावर किती झाडं तोडली त्याचा आकडा सांगा. मी लिहून घेतो म्हना, माया हातानं लिहितो. मंग वही ठेवा.” आणि फोन ठेवलास.

काल दिवसभर आकडा काढत बसले. अहवालात तो एका ठिकाणी लिहिलेला नाही, कोष्टकांत विखुरलेला आहे. बेरीज तीनदा केली. पंधरा वर्षांत एक लाख बेचाळीस हजार झाडं. तीनदाही तेवढीच आली.

सुनिल सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “मॅडम, त्या चार गावांनी तुमचं काय वाकडं केलं?” त्यांच्या वह्या मी पुन्हा तपासल्या. दोन गावांचे आकडे निखळ आहेत. दोन गावांत मी दर ‘समान परिस्थिती’ म्हणून तुमच्याच गावावरून घेतला होता. म्हणजे तिथेही माझीच रेघ आहे. त्या दोन गावांत जाऊनही मला हेच सांगावं लागेल. राजीनामा दिला आहे. सरांनी तो लगेच स्वीकारला, तेवढं मात्र मला लागलं.

६ तारखेच्या आधी, ४ मेला सभा ठेवायला चैतूभाऊंना सांगितलं आहे. विषय काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उभं राहून सांगायचं आहे. त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, “या.”

संघप्रिया


येरुमटोला, ४ मे

प्रिय रंजीता,

तू आलीस. मागच्या बाजूला, समाजमंदिराच्या खांबाशी बसलीस आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. नोंद करून झाल्यावर दुपारच्या बसनं निघून गेलीस. त्यामुळे नंतरचंही लिहिते.

उभं राहणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. वीस वर्षं मी गावांसमोर बोलते आहे. पण तेव्हा माझ्यामागे तक्ता असायचा. आज हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी आकडा सांगितला, तेव्हा आधी कुणाला समजलाच नाही. “एक लाख का?” पुढे बसलेल्या बायनाबाईंनी विचारलं. “होय, एक लाख बेचाळीस हजार.” चैतूभाऊ म्हणाले, “बाप्पा! एवढे झाडं तं वाघानं बी पाह्यले नसतीन,” आणि कुणीच हसलं नाही. ते स्वतःही नाही.

मग मी वही पुढे ठेवली, आणि सांगितलं की ती रंजीतानं हरवली नव्हती.

तू नव्या वहीत लिहिलंस ते मी वरून वाचलं. ‘संघप्रिया, चंद्रपूर. १,४२,०००. कागदावर.’ तोडलेल्याच्या रकान्यात.

तू गेल्यावर सुकरीबाई उठल्या. मला वाटलं, त्या मारतील. त्यांनी ओळीनं सगळ्यांकडे बोट दाखवलं. “तू म्हनला होता, माई पोरगी बेपर्वा हाये. तू बी म्हनली होती. आन् तू.” मग माझ्याकडे वळल्या. “ह्या बाईनं तं निदान सांगितलं. तुमी कधी सांगान?” दोघे जण उभे राहिले, तुझं नाव घेऊन चुकलो म्हणाले. बाकीचे बसून राहिले. त्यांची नावं मी लिहीत नाही, तुला माहीत असतील.

न विचारता तोडणाऱ्याला तुमच्यात महिनाभर जंगलाची राखण करावी लागते, हे मला ठाऊक होतं. पण ते मला लागू होईल असं वाटलं नव्हतं, मी बाहेरची. एक जण तसं म्हणालाही. चैतूभाऊ म्हणाले, “बाहेरची हाये, पन तोडलं तं आतलंच ना?” ८ तारखेपासून महिनाभर ठरलं आहे.

संघप्रिया


येरुमटोला, ७ मे

प्रिय रंजीता,

काल सुनावणी झाली. मंडप मोठा होता, कूलर होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. पुढच्या रांगेत बसलेली बरीच माणसं या भागातली नव्हती, पण टाळ्या त्यांच्याच जास्त होत्या.

कंपनीच्या सल्लागारानं पान एक्केचाळीस वाचलं. शांत, स्वच्छ मराठीत. मग म्हणाला, हे जंगल तसंही जाणारच आहे. त्याच्या बदल्यात आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात दुप्पट रोपं लावू. हवामान बदलाच्या दृष्टीनं देशाचा त्यात फायदाच आहे. तो माझेच शब्द वापरत होता. परिषदेत मी ज्या ओळीवर थांबले होते, त्याच ओळीवर तोही थांबला.

मला तीन मिनिटं मिळाली. रोपं मोठी व्हायला किती दशकं लागतात, ती जगतात किती, आणि इथल्या मातीत साठलेलं एकदा उकरलं की ते परत कसं येत नाही, हे सांगितलं. मग वही दाखवली. दोन रकाने, तुझं अक्षर, दोनशे चौऱ्याहत्तर.

सल्लागारानं परवानगी घेऊन विचारलं, “मॅडम, ही वही तीन वर्षं कुठे होती?”

“माझ्या कपाटात.”

“अहवालात तुम्ही जाणूनबुजून चुकीचं लिहिलं, असं आज तुम्हीच म्हणता. मग आज दाखवता ते खरं, हे आम्ही कशावरून मानायचं?”

मी वही उघडून समोरच्या टेबलावर ठेवली. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वही पाहिली, दोन पानं उलटली, आणि ‘वहीची नोंद घेण्यात आली, विश्वासार्हता तपासाधीन’ असं लिहून घेतलं. तपास कोण करणार आणि कधी, हे कुणी विचारलं तर म्हणाल्या, कळवू.

मंडपातून बाहेर आल्यावर चैतूभाऊ म्हणाले, “हरलो असं नाई. पन जितलो असं बी नाई बाई. मले तं असं वाटून राह्यलं, का आपून तिथी बोललो आन् तिकडं कोनी आयकलंच नाई.” वहीचं पुढे काय करायचं विचारलं, तर म्हणाले, पेनाच्या ठाण्यात ठेवू. मग स्वतःच म्हणाले, “तिथी बी पट्टा हाये म्हना.”

आज दुपारी येताना फाट्यावर तीन मोठे ट्रेलर उभे होते. तिन्हींवर तसलीच यंत्रं, ताडपत्रीखाली. ड्रायव्हर सावलीत झोपले होते. कुणाची वाट पाहताय, असं विचारलं तर एक जण म्हणाला, “ऑर्डरची.” तो तेलंगणातून आला होता, त्याला गावाचं नाव माहीत नव्हतं. पूर्वेच्या हद्दीकडचा कच्चा रस्ता कुणीतरी कालच्या एका दिवसात रुंद केला आहे. दोन्ही बाजूंना पळस कापून टाकलेत. मी ती झाडं मोजली. सवयीनं फीत काढली होती, पण पडलेल्या झाडाला छातीची उंची नसते. एकूण एकोणीस. कुणी उभं राहून सांगणार नाही, म्हणून सुकरीबाईंना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “दुसऱ्यानं सांगितलेलं लिहीत नाई, तरी लक्षात ठेवजो.”

त्यांनी आज मला ओसरीत बसायला सांगितलं. झोपायला तुझी खाट दिली आहे. यावरून काही समजू नकोस, असंही त्यांनीच सांगितलं.

तू येशील का, हे मी विचारणार नाही.

उद्या: पहाटे पाचला सुकरीबाईंबरोबर पूर्वेच्या हद्दीवर राखण.

संघप्रिया